छाट

सवय म्हणजे काय, हे मला शिकवू नका डॉक्टर.
चाळीस वर्षं रोज हजार बिड्या वळल्यात मी.
तापात वळल्या, पोटुशी असताना वळल्या,
सासरे गेले त्या एका दिवशी
सूप भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तेवढंच.

हत्तुरे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले,
नरसव्वा, ती सवय कारखान्याची होती.
आता एक स्वतःची लावा.

घरी येईपर्यंत ते वाक्य
दाढेत अडकलेल्या शेंगेच्या फोलपटासारखं.

विडी घरकुलात पहाटे सव्वापाचला
कुत्रीसुद्धा आळसावलेली असतात.
पाण्याच्या टाकीभोवती एक फेरी म्हणजे दीडशे पावलं,
नातवानं मोजून दिलीत.
म्हणाला, आजी, फोन खिशात ठेव, तोच मोजेल.
लुगड्याला कुठला खिसा रे?
मी कट्ट्यात मोजते.
पंचवीस फेऱ्या झाल्या की एक कट्टा, बांधला दोरा.
पहिल्या आठवड्यात अर्धासुद्धा भरला नाही.
गुडघे म्हणाले, आम्ही जन्मभर मांडी घालून बसलेले,
आम्हाला आता कुठं नेतेस?

जेवणाचं त्याहून अवघड.
एक डोळा सुपात, एक डोळा ताटात,
असंच जेवत आले मी.
काय खाल्लं ते पोटाला कळायचं, मला नाही.
दुपारी चटणी होती का, विचारलं असतं कुणी
तर सुनेला हाक मारली असती.

आता सूप माळ्यावर.
शेजारची महानंदा हिरेमठ कडक भाकरी आणून देते,
पापडासारखी, मोडली की दोन घरं ऐकू जाणारी.
ती घाईनं खाताच येत नाही,
हिरडी सोलते.
तुकडा तोंडात धरायचा, थांबायचं,
तो ओला होईतो दुसरं काही करायचं नाही.
मग जवारी हळूच गोड लागते.
त्रेसष्टाव्या वर्षी कळलं मला
की जवारी गोड असते.
शेंगाचटणी चिमूटभर. चिमूट जुनीच आहे,
तंबाखू भरायची ती, ना कमी ना जास्त.
भात वाटीनं. वाटी लहान घेतलीय,
कधी कधी दोनदा भरते.

मग गड्ड्याला लेक आली, जावयासकट.
पाच दिवस टाकीकडं फिरकले नाही.
भजी खाल्ली, जिलेबी खाल्ली,
पच्चीपुलुसूत बुडवून भाताची टेकडी उपसली,
आणि खरं सांगू, फार बरं वाटलं.
सहाव्या पहाटे डोळे उघडले, पडूनच राहिले.
आता काय, मोडलंच.

तेव्हा दुर्गय्या चेकर आठवला.
कट्टा सोडायचा, एकेक बिडी दाबायचा,
ढिली निघाली की बोटानं उडवायचा. छाट.
शंभरात पाच, कधी दहा.
पैसे कापले जायचे, डोळ्यांत पाणी यायचं.
पण छाट निघाली म्हणून
उरलेली पानं गटारात फेकून घरी गेलेली बाई
मी तरी बघितली नाही.
दुर्गय्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालायच्या
आणि रात्री उद्याची पानं भिजवायची.

पाच दिवस छाट.
उठले. चप्पल शोधली.

नळ येतो त्या दिवशी फेऱ्या नाहीत, घागरी असतात.
बारा घागरी, दोन जिने.
त्या कशात धरायच्या, डॉक्टरांना विचारायचं राहिलंय.

साखर दोनशे चाळीस होती, एकशे ऐंशीवर आलीय.
ठीक, म्हणाले. खूप छान म्हणाले नाहीत.
दुर्गय्याही कधी म्हणाला नव्हता.

आज सतरा झाल्या.
वैशाखात पहाटेही भिंती तापलेल्या, घसा कोरडा,
टाकीच्या पायरीवर बसले थोडी.
आठ राहिल्यात.
दोरा अजून बांधला नाही.